शिलाई मशीन नको होतं: इर्बिदमधल्या तीन सीरियन बायकांच्या घरगुती धंद्याचं प्रकरण

आधी थोडं

हे प्रकरण जॉर्डनच्या उत्तरेकडच्या इर्बिद शहरातलं, काळ साधारण २०१३ ते २०२५. नावं, गल्ली, संस्था काहीच देत नाहीये आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदललेत. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, 'उम्म अमुक', मुलाचं नाव टाळायचंय म्हणून या प्रकरणातल्या मुख्य बाईला इथे नुसतं उम्म म्हणते. या बायकांना कमाईसाठी मदत करणाऱ्या एका संस्थेत मी नोंदी लिहायचं काम करायचे, त्यामुळे हिशेबाच्या वह्या, मीटिंगा, भांडणं बरीच जवळून बघायला मिळाली. निर्वासित बायकांच्या कमाईचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत ट्रेनिंगवर येते. या प्रकरणात ट्रेनिंगचा वाटा सगळ्यात छोटा आहे, बाकी सगळा खेळ कागद कोणाच्या नावावर आणि पैसे कोणाच्या हातात याचा आहे.

पार्श्वभूमी

उम्म सीरियातल्या दरा प्रांतातल्या एका खेड्यातली. दरा आणि इर्बिद तसे शेजारीच, मध्ये फक्त सीमा. २०१३ मध्ये नवरा, चार मुलं आणि नणंद असे सगळे रात्रीचे सीमा ओलांडून आले आणि पहिले काही महिने झातरी कॅम्पमध्ये राहिले. हा कॅम्प जुलै २०१२ मध्ये उघडला आणि बघता बघता एखाद्या शहराएवढा झाला. तंबू, धूळ आणि पाण्यासाठी रांग. मग एका ओळखीच्या जॉर्डेनियन माणसानं जामीन दिला आणि कुटुंब इर्बिदमध्ये दोन खोल्यांच्या घरात आलं. हे काही वेगळं नाही, जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांतले पाचात चार लोक कॅम्पबाहेर, असेच भाड्याच्या घरात राहत होते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते कारण पुढे ती सारखी आडवी येते. जॉर्डननं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेशी म्हणजे यूएनएचसीआरशी केलेला एक समझोता आहे त्यावर सगळं चालतं. राहायला मिळतं, नोंदणी होते, पण काम करायचा हक्क आपोआप मिळत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत 'जॉर्डन कॉम्पॅक्ट' ठरलं, त्यात देणगीदार देशांनी पैसे आणि युरोपियन बाजारात सवलत द्यायची आणि बदल्यात जॉर्डननं सीरियन लोकांसाठी २ लाख रोजगार संधी खुल्या करायच्या. कागदावर मोठी गोष्ट. पण कामाची परमिटं निघायला लागली ती बहुतेक बांधकाम आणि शेतीत, आणि त्यातला बायकांचा वाटा सुरुवातीची कित्येक वर्षं शंभरात चार-पाचच्या आसपास घुटमळत होता. शिवाय शिक्षण, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, ऑफिसातली कामं असे बरेच व्यवसाय परदेशी लोकांना बंदच.

उम्मच्या नवऱ्याची पाठ बॉम्बहल्ल्यात भिंत पडून गेलेली, जड काम जमत नव्हतं. यूएनएचसीआरची रोख मदत यायची, एटीएमसमोर डोळा लावला की मशीन बुबुळ ओळखून पैसे द्यायचं, कार्डच नाही, पण ती रक्कम बरीचशी भाड्यातच जायची. उरलेलं घर चालायचं ते थोरल्या मुलाच्या बेकरीतल्या मजुरीवर. वय वर्षं १४. पहाटे चारला जायचा.

नेमकी अडचण

संस्थेच्या फॉर्मवर अडचण एका ओळीत लिहिली होती, 'कौशल्याचा अभाव व उत्पन्नाचा अभाव'. पहिला अर्धा भाग साफ चूक. या बाईला दोनशे माणसांचा स्वयंपाक येत होता, मकदूस (भरल्या वांग्यांचं लोणचं), किब्बेह (दलिया आणि मांसाचे गोळे), यलनजी (भात भरलेली द्राक्षाची पानं), लोणची, पनीर, सगळं. शेजारच्या खोलीत राहणारी, सीरियातल्या होम्स शहरातली विधवा बाई शाळेत गणित शिकवायची आणि हिशेब तोंडी करायची. नणंद शिवणकाम करायची. अभाव होता तो वेगळ्याच गोष्टींचा.

पहिलं म्हणजे भीती. परमिट नसताना काम करताना पकडलं तर कॅम्पमध्ये पाठवतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काहींना तसं पाठवलंही गेलं होतं. दुसरं, उम्मला दिवसातले सलग चार तासही मोकळे मिळत नव्हते. सीरियन मुलांची शाळा दुपारच्या पाळीत असायची, कारण सकाळी त्याच इमारतीत जॉर्डेनियन मुलांची शाळा, म्हणजे दोन मुली सकाळभर घरी, धाकटा दिवसभर घरी, नवरा दिवसभर घरी. तिसरं, तिच्या घराण्यात बाईनं पैशासाठी काम करणं कमीपणाचं समजायचे. नवरा म्हणायचा की लोक काय म्हणतील, आणि यातलं 'लोक' म्हणजे झातरीतले त्याचे दोन चुलतभाऊ. चौथं, दुकानदाराची आणि घरमालकाची मिळून साधारण ३०० दिनारची उधारी.

आणि तिची स्वतःची एकच मागणी होती, थोरल्याला बेकरीतून सोडवायचं आणि शाळेत घालायचं. हे फॉर्मवर कुठेच नव्हतं, कारण फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

समोर कोणते पर्याय होते

कपड्याची फॅक्टरी हा सरकारचा आणि देणगीदारांचा लाडका पर्याय. इर्बिदजवळच अल हसन औद्योगिक वसाहत आहे. २०१६ मध्ये युरोपियन युनियननं नियम सैल केले की अशा झोनमधल्या फॅक्टरीत किमान १५ टक्के सीरियन कामगार असतील तर माल सवलतीत युरोपात जाईल. ऐकायला छान. पण या फॅक्टऱ्यांमध्ये बहुसंख्य कामगार बांगलादेश, श्रीलंका वगैरे देशांतून आलेल्या बायका, त्या तिथल्याच हॉस्टेलवर राहतात आणि ओव्हरटाइम करतात, सगळं वेळापत्रक त्यांच्या हिशेबानं बसवलेलं. चार मुलांच्या आईनं सकाळी सहाच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी यायचं तर मुलांकडे कोण बघणार? परमिटही एकाच मालकाशी बांधलेलं. नणंद चौकशी करून आली आणि म्हणाली पगारातला मोठा हिस्सा मुलं सांभाळणारीलाच जाईल. पर्याय तिथेच संपला, आणि माझ्या मते त्यात बायकांचा 'निरुत्साह' वगैरे काही नव्हता, साधं गणित होतं.

संस्थांच्या केंद्रात मानधनावर थोड्या मुदतीचं काम मिळायचं. पैसे वेळेवर यायचे पण काही आठवड्यांत पाळी संपली की पुढच्या बाईचा नंबर. उधारी फेडायला ठीक, पुढचं काय?

मग शिलाई कोर्स आणि शेवटी एक मशीन. हे आमच्या संस्थेकडे तयार पॅकेज होतं, बजेट मंजूर, मशीनंही आलेली. इर्बिदमध्ये तेव्हा बहुतेक प्रत्येक संस्था शिलाई नाहीतर ब्युटी पार्लर शिकवत होती, त्यामुळे एका गल्लीत सात बाया शिवायला बसलेल्या आणि शिवून घेणारं कोणी नाही. उम्मनं तोंडावर सांगितलं, मशीन द्याल तर घेईन आणि विकून टाकेन. प्रोजेक्टवाल्या मॅडमना ते फार लागलं, पण एवढं खरं बोलणारं माणूस भेटणं म्हणजे नशीबच की.

घरून खाण्याचे पदार्थ विकणं हा तिचा स्वतःचा पर्याय. जागा घरातली, वेळ मुलांच्या शाळेनुसार, कौशल्य हातात. अडचण ही की २०१७ मध्ये सीरियन माणसाला घरगुती धंदा स्वतःच्या नावानं नोंदवायची सोयच नव्हती, म्हणजे जे करायचं ते लपूनछपून.

आणि शेवटचा पर्याय, जो कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही पण रोज निवडला जात होता, तो म्हणजे मुलानं बेकरीत जात राहणं.

काय केलं: पहिला हंगाम

सप्टेंबर २०१७ मध्ये तिघींनी मकदूसनं सुरुवात केली. मकदूस म्हणजे छोटी वांगी उकडायची, चीर पाडून आतून मीठ लावायचं, मग चाळणीत उलटी रचून वर वजन ठेवायचं की आतलं पाणी एक-दोन दिवसांत निथळून जातं. ही पायरी घाईत उरकली तर बरणीत बुरशी धरते आणि सगळा माल वाया. मग अक्रोड, लाल मिरची, लसूण भरायचं आणि बरणीत रचून वरपर्यंत ऑलिव्ह तेल. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे थांबायचं. आपल्याकडच्या लोणच्यासारखंच, हात कोणाचा आहे त्यावर चव ठरते.

धंद्याच्या नजरेनं बघितलं तर हा पदार्थ फार तापदायक आहे. वांगी येतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऑलिव्हची नवीन काढणी त्यानंतर, म्हणजे तेल नेमकं महाग असताना घ्यावं लागतं. अक्रोड महाग. सगळा खर्च आधी, पैसे महिन्यानं. पण टिकतं वर्षभर, आणि इर्बिदमध्ये सीरियन कुटुंबं भरपूर, ज्यांना दुकानातलं चालत नाही. गणिताच्या बाईंनी एका वहीत बरणीमागे खर्च काढला तेव्हा कळलं की अख्खं ऑलिव्ह तेल वापरलं तर बरणीमागे जेमतेम काहीतरी सुटतं. अर्धं सूर्यफूल तेल घातलं तर चांगलं सुटतं. यावर तिघींत दोन दिवस वाद. शेवटी दोन प्रकारच्या बरण्या केल्या, झाकणाला हिरवी फीत म्हणजे निव्वळ ऑलिव्ह, पांढरी फीत म्हणजे मिश्र, आणि विकताना तसं सांगायचं. हा निर्णय कोणत्याही मार्केटिंग ट्रेनिंगमधून आलेला नाही हे मुद्दाम नोंदवते.

भांडवल आलं ते तिघींच्या भिशीतून आणि अक्रोडवाल्याच्या उधारीतून. संस्थेचं अनुदान मंजूर होतं पण हातात पडलं जानेवारीत, वांग्यांचा हंगाम संपून गेल्यावर.

ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. पोचवायचं काम थोरला मुलगा बेकरीतून आल्यावर करायचा, म्हणजे ज्याला मोकळं करायचं त्याच्याच डोक्यावर आणखी एक काम आलं. पहिल्या हंगामाच्या पैशांतून निम्मी उधारी फिटली.

पहिला कठीण निर्णय: नवऱ्याचं काय करायचं

पैसे यायला लागले आणि घरात कुरबूर सुरू झाली. नवऱ्यानं पहिल्या महिन्यात पैसे स्वतःकडे मागून घेतले. त्यात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही, घरचा पैसा पुरुषाकडे असतो एवढंच त्याच्या डोक्यात होतं, पण त्यातला काही चुलतभावाला उसना दिला आणि अक्रोडवाल्याचे पैसे थकले. संस्थेतल्या काहींचं म्हणणं होतं की नवऱ्याशी 'जेंडर सेशन' करावं. उम्मनं ऐकून घेतलं आणि स्वतःचंच डोकं चालवलं. त्याला भाजी मंडईत पाठवायला लागली. वांगी निवडणं, भाव करणं हे तो शेतकरी असल्यानं उत्तम जमायचं, पाठीला त्रासही होत नव्हता. मात्र धंद्याचे पैसे गणिताच्या बाईंच्या घरी कुलपात, कारण त्या विधवा, घरात पुरुष नाही, आणि तिसऱ्याच्या पैशाला हात लावणं त्याला शोभलं नसतं. त्याची लाज आणि तिचा हिशेब दोन्ही शाबूत.

यात एक गोची होती. पुरुष मंडईत वारंवार दिसला की परमिट विचारलं जायची शक्यता बाईपेक्षा जास्त. तो धोका त्यांनी समजून उमजून घेतला. कोणी सल्ला दिला नव्हता, आणि दिला असता तर बहुतेक 'नको'च म्हटलं असतं.

दुसरा कठीण निर्णय: नोंदणी करायची की नाही

२०१८ मध्ये एक जॉर्डेनियन शेजारीण भागीदार झाली. तिच्या नावावर घरगुती धंद्याचं लायसन्स, काम चौघींचं, त्यामुळे दुकानांना माल देता यायला लागला. वाटणीचा करार कागदावर लिहिला, पण तो कोर्टात नेण्यासारखा नव्हता आणि हे चौघींनाही ठाऊक होतं. रमजानपर्यंत बरं चाललं. रमजानमध्ये मोठ्या ऑर्डरी आल्या, दुकानांचे पैसे भागीदारणीच्या खात्यात जमा झाले आणि तिनं विजेचं बिल, स्वतःची गाडी, ओळखीपाळखी असं सगळं धरून हिशेब मांडला. तिचं अगदीच खोटं होतं असंही नाही, धोका तिच्या लायसन्सचा होता. पण तिघींना सांगायला तोंडच नव्हतं, कारण कागदावर त्या कुठेच नव्हत्या. पुढच्या वर्षभरात संबंध आटत गेले.

नोव्हेंबर २०१८ मध्येच सरकारनं कॅम्पबाहेर राहणाऱ्या सीरियन लोकांना घरगुती धंदा स्वतःच्या नावानं नोंदवायची मुभा दिली होती, तीन क्षेत्रांत: खाद्यप्रक्रिया, शिवणकाम, हस्तकला. संस्थेत पेढे वाटायचे बाकी राहिले एवढा आनंद, कारण देणगीदाराच्या तक्त्यात 'नोंदणीकृत व्यवसायांची संख्या' असा रकाना होता. उम्म मात्र वर्षभर ढिम्म हलली नाही, आणि तिची कारणं ऐकली की पटतं.

एक, घरमालकाची संमती लागणार. तेव्हा भाडं १४० दिनार, धंदा चालतो कळलं की तो वाढवणार, आणि खरंच त्यानं वीस दिनार जास्त मागितले. दोन, नगरपालिकेची तपासणी, आरोग्य तपासणी, स्वयंपाकघराची फरशी, जाळी, सिंक, म्हणजे आधी खर्च. तीन आणि सगळ्यात मोठं, मदत बंद होईल का? रोख मदत घराची परिस्थिती मोजून ठरते. धंदा कागदावर आला, मोजणारा माणूस घरी आला आणि घरात वीस किलो किब्बेह दिसले तर? दर महिन्याची ठरलेली रक्कम सोडून चढउताराच्या कमाईवर उडी मारायची होती. संस्थेतल्या कोणीही तिला लेखी सांगू शकलं नाही की मदत चालू राहील. तोंडी सगळे म्हणत होते 'काही होणार नाही'. तोंडी.

मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ती बदलाला घाबरते, पण ती तर तिघींच्या डोक्यावरच्या छपराचा हिशेब करत होती आणि तिला हवी असलेली एक माहिती द्यायला कोणीच तयार नव्हतं.

२०१९ च्या शेवटी गणिताच्या बाईंनी मार्ग काढला. नोंदणी उम्मच्या नावानं न करता नणंदेच्या नावानं करायची. ती यूएनएचसीआरकडे वेगळं कुटुंब म्हणून नोंदलेली, एकटी, तिची मदत आधीच बंद झालेली, म्हणजे गमवायला काही नाही. ती तळमजल्यावरच्या एका छोट्या जागेत राहायला गेली, तिथला घरमालक तयार होता, तिथेच स्वयंपाकघर उभं केलं. संस्थेनं सिंक, जाळी आणि फ्रीजरचा खर्च दिला.

कर्फ्यू आणि मोबाइल वॉलेट

लायसन्स हातात आलं आणि मार्च २०२० उजाडला. जॉर्डनचा कर्फ्यू जगातल्या सगळ्यात कडक कर्फ्यूंपैकी होता, सायरन वाजवून सगळं बंद, सुरुवातीला किराण्यालाही बाहेर पडता येईना. ताजे पदार्थ संपले. वाचवलं ते मकदूसनं, गेल्या हंगामातल्या बरण्या तशाच होत्या आणि चालायची परवानगी मिळाल्यावर आजूबाजूच्या गल्ल्यांमध्येच सगळ्या खपल्या.

दुसरी गोष्ट घडली ती कोणाच्या प्लॅनमध्ये नव्हती. लोक रोख पैसे द्यायला-घ्यायला कचरायला लागले आणि सरकारनंही मोबाइल वॉलेटवर जोर दिला. निर्वासितांना गृह मंत्रालयाच्या ओळखपत्रावर वॉलेट उघडता येत होतं. उम्मनं उघडलं, सिम स्वतःच्या नावाचं, पिन स्वतःकडे. त्याआधी संस्थेचं मानधन नवऱ्याच्या फोनवर जायचं कारण घरातला 'कुटुंबप्रमुख' तो. आता ग्राहकाचे पैसे थेट तिच्या वॉलेटमध्ये आणि गणिताच्या बाईंच्या कुलपाची गरज संपली. लायसन्सनं जेवढा फरक पडला नाही तेवढा या वॉलेटनं पडला असं तिघीही सांगतात. नवऱ्याला रक्कम दिसायची नाही, तो विचारायचा, ती सांगायची, कधी पूर्ण कधी अर्धवट. घरोघरी हेच.

निकाल काय लागला

२०२२ पर्यंत धंदा स्थिरावला असं म्हणता येईल, पण कशाला स्थिर म्हणायचं तेही बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि रमजान हे चांगले महिने, बाकी वेळ किब्बेह, यलनजी, लग्नाच्या ऑर्डरी, आणि मधले दोन-तीन महिने जवळजवळ रिकामे. वर्षाची सरासरी काढली तर तिघींचा वाटा फॅक्टरीच्या पगारापेक्षा कमीच. तरी एकीलाही फॅक्टरी नको होती, कारण मुलं डोळ्यासमोर आणि वेळ आपल्या हातात.

थोरल्या मुलाचं मात्र जमलं नाही. जॉर्डनमध्ये तीन वर्षांहून जास्त काळ शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेत परत घेत नाहीत. पहिली उधारी फिटून बेकरी सोडायची वेळ आली तोवर त्याची मुदत टळून गेली होती. हा नियम संस्थेतल्या शिक्षण विभागाला माहीत होता, उपजीविका विभागाला नव्हता, आणि दोन्ही विभाग एकाच मजल्यावर बसायचे. तो पुढे अनौपचारिक वर्गाला गेला, सध्या गाड्यांचं वायरिंग करतो. दोन मुली शाळेत टिकल्या, थोरली दहावीच्या पुढे गेली. उम्म ही गोष्ट धंद्याच्या फायद्यातच धरते.

गणिताच्या बाईंचा पुनर्वसनाचा नंबर लागला आणि २०२२ मध्ये त्या कॅनडाला गेल्या. चांगलीच बातमी, पण धंद्याचा मेंदूच गेला. काही महिने हिशेब व्हॉट्सॲपवर कॅनडातून व्हायचा, वेळेच्या फरकामुळे रात्री अकराला. मग थोरल्या मुलीनं वही हातात घेतली.

२०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाकडे निधी आटला आणि जॉर्डनमधल्या निर्वासितांची अन्नमदत कमी झाली, बऱ्याच कुटुंबांची बंदच झाली. याचा दुहेरी मार बसला. घरची मदत घटली ती घटलीच, शिवाय ग्राहकही बहुतेक सीरियन कुटुंबंच, त्यांनी हिरव्या फितीवरून पांढऱ्या फितीवर आणि काहींनी पांढऱ्या फितीवरून काहीच नाही असा प्रवास केला. त्या वर्षी पहिल्यांदा त्या जॉर्डेनियन ग्राहकांच्या मागे लागल्या, शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्स वगैरे. हे पाच वर्षं आधी करायला हवं होतं.

मग ८ डिसेंबर २०२४. सीरियाचा सत्ताधीश असद पळाला आणि इर्बिदमध्ये रात्रभर गाड्यांचे हॉर्न. आठवड्याभरात घरोघरी एकच चर्चा, कधी जायचं. नवऱ्याला लगेच दराला परत जायचं होतं. उम्मनं दोन प्रश्न विचारले, घराला छप्पर आहे का आणि तिकडे मकदूस विकत कोण घेणार, तिकडे तर प्रत्येकीच्या घरात बनतं. नवरा एकटा जाऊन बघून आला, एक खोली उभी आहे, वीज दिवसातून थोडाच वेळ. मुलींचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबायचं ठरलं. नणंद मात्र गेली, तिकडे लग्न ठरलं म्हणून. आणि लायसन्स तिच्या नावावर होतं.

म्हणजे २०१९ मधला तो हुशार तोडगा २०२५ मध्ये गळ्यात आला. आता उम्मला स्वतःच्या नावानं परत पहिल्यापासून, आणि तेही वर्ष-दोन वर्षांत आपण इथे असू की नाही हे माहीत नसताना. सध्या ती लायसन्सशिवायच करते, दुकानांना देत नाही, फक्त ओळखीच्यांना.

वेगळं काय करता आलं असतं

मदत आणि कमाई यांचा संबंध लेखी स्पष्ट हवा होता. 'कमाई सुरू झाल्यावर अमुक महिने मदतीला हात लागणार नाही' एवढं एक पत्र मिळालं असतं तर नोंदणी वर्षभर आधी आणि योग्य माणसाच्या नावानं झाली असती. हे एका छोट्या संस्थेच्या हातात नव्हतं हे खरं, पण बैठकांमध्ये हा मुद्दा मांडणं हातात होतं, आणि तिथे बोललं गेलं ते नोंदणीच्या आकड्यांवर.

एका माणसाच्या नावावर सगळं लायसन्स ठेवणं निर्वासितांच्या बाबतीत जास्तच धोक्याचं, कारण इथे माणसं जातात. कॅनडाला जातात, परत जातात, लग्न होऊन जातात. सुरुवातीलाच दोन नावांची, निदान दोन वेगळ्या लायसन्सांची सोय बघायला हवी होती, खर्च थोडा वाढला असता.

भागीदारीच्या वेळी दुकानांचे पैसे कुठल्या खात्यात जातात यावर कोणीच बोट ठेवलं नाही. करारात नफ्याची टक्केवारी होती, पण त्याआधी कोणता खर्च वजा करायचा हे नव्हतं. तीच फट पुढे रुंदावली.

वॉलेट २०१७ मध्येच उघडून द्यायला हवं होतं, निदान तशी चौकशी तरी. मानधनाच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुखाचा फोन नंबर' छापलेलं होतं म्हणून नवऱ्याचा नंबर लिहिला गेला, कारण एवढंच. फॉर्म नंतर बदलला, बऱ्याच उशिरा.

मुलाच्या शाळेचा प्रश्न पहिल्या भेटीतच समोर आला होता. कमाईच्या प्रोजेक्टला त्याच्याशी देणंघेणं नाही असं समजून तो बाजूला ठेवला. त्याच वेळी शाळेची मुदत बघितली असती आणि सहा महिने बेकरीच्या मजुरीइतकी रोख रक्कम दिली असती, तर तीन बायकांच्या शिलाई कोर्सपेक्षा स्वस्तात पडलं असतं.

अनुदानाच्या तारखेबद्दल तर काय बोलणार. संस्थेचं आर्थिक वर्ष जानेवारीला सुरू होतं म्हणून पैसे जानेवारीत, आणि मकदूसला पैसे लागतात ऑगस्टच्या शेवटी. दुसऱ्या वर्षी उम्मनं जानेवारीतल्या अनुदानातून सोलून ठेवलेले अक्रोड घेतले आणि फ्रीजर तेव्हा नसल्यानं उन्हाळ्यात त्यातले बरेच खवट झाले. तिसऱ्या वर्षापासून ती ते पैसे अक्रोडवाल्याकडेच आगाऊ जमा ठेवायला लागली, सप्टेंबरमध्ये माल उचलायचा या बोलीवर. संस्थेच्या ऑडिटरला ती पावती काही पचली नाही आणि त्यावर तीन मीटिंगा झाल्या, तोवर वांगी बाजारात आली होती.